रस्ता कुणाच्या मालकीचा?

इंदूरच्या ए. बी. रोडवरील बीआरटीएसचे कठडे २०२५ च्या मार्चच्या तोंडावर उपटायला सुरुवात झाली, तेव्हा आपल्या समाजातील पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मंडळाच्या कट्ट्यावर, लग्नकार्यांत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या घोळक्यात एकच सूर होता : 'बरे झाले, कटकट गेली. आता रस्ता मोकळा होईल.' आमचे मत याच्या नेमके उलट आहे आणि ते कोणताही आडपडदा न ठेवता मांडावे, म्हणून हा लेख. सभासदांपैकी काहींना तो झोंबेल याची आम्हाला कल्पना आहे. झोंबू द्या.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, जे मोडले गेले ती कटकट नव्हती. या शहरात मोटार नसलेल्या माणसाला मोटारवाल्याच्या आधी जाऊ देणारी ती साडेअकरा किलोमीटरची एकुलती एक पट्टी होती. ती पट्टी सरकारने काढून घेतली आणि मोटारींच्या पदरात टाकली. त्याबद्दल टाळ्या वाजवणाऱ्यांत आपण असावे, ही आपल्या दोन-अडीचशे वर्षांच्या इंदुरी वास्तव्याला शोभणारी गोष्ट नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. मे २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा या मार्गावर आय-बस धावू लागली. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू शहरी नवीकरण योजनेतून ही कल्पना आकाराला आली होती. रस्त्याच्या मधोमध बससाठी राखलेल्या दोन मार्गिका, थांब्यावर फलाटासारखा उंच चौथरा, तिकीट आधी काढायचे आणि बस आली की सरळ पाऊल आत टाकायचे. पायऱ्या चढणे नाही, धक्काबुक्की नाही, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत नाही. गुडघे गेलेल्या बाईला याचे मोल काय असते, ते आयुष्यभर पोर्चमधून पोर्चमध्ये जाणाऱ्यांना कळणे कठीण आहे. शेवटच्या काळातही रोज पन्नास हजारांच्या आसपास माणसे या बसने जात-येत होती. भंवरकुआंच्या शिकवणी वर्गांना जाणारी खेड्यापाड्यांतली मुले, विजयनगरच्या दुकानांतून काम करणाऱ्या मुली, पलासियाच्या कचेऱ्यांतले कारकून, जीपीओ आणि नवलख्याला उतरणारे पेन्शनर. यांपैकी कुणी कधी वर्तमानपत्राला पत्र लिहून 'आमची बस वाचवा' म्हटले नसेल. तशी पत्रे लिहायची सवय आणि सवड असते ती आपल्यासारख्यांना. आणि आपण लिहिली ती बसच्या विरुद्ध.

या योजनेला पहिल्या दिवसापासून सुखाने जगू दिले गेले नाही. सुरू होऊन वर्षही उलटले नव्हते, तोच २०१३ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अंतरिम आदेशाने बसच्या मार्गिकेत मोटारींना येऊ दिले गेले. म्हणजे ज्या रोगावर औषध काढले, तोच रोग औषधाच्या बाटलीत भरला. पुढे मोटारी पुन्हा बाहेर काढल्या, पण 'मोटारवाल्यांनी जोर लावला तर नियम वाकतो' हा धडा सगळ्यांना मिळाला तो मिळालाच. भोपाळची बीआरटीएस २०२४ च्या जानेवारीपासून उखडली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी इंदूरचीही काढण्याचे जाहीर केले आणि २७ फेब्रुवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाचा हिरवा कंदील मिळाला. त्यानंतर घाईघाईने कठडे उपटायला सुरुवात झाली आणि मग काम महिनोन्महिने रेंगाळले. अर्धवट तुटलेले थांबे, मधेच उघडा पडलेला दुभाजक. ज्या कामासाठी एवढी तातडी होती, त्याला नंतर कुणी वाली उरला नाही. यावरून एक कळते : मोडण्याची घाई होती, नंतर काय करायचे याचा विचार नव्हता.

आता आपल्या मंडळींचे आक्षेप घेऊ. ते सगळेच खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही.

पहिला आणि सर्वांत लाडका आक्षेप, 'ती मार्गिका रिकामी पडून राहते आणि आम्ही शेजारी ताटकळतो.' यावर जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू या. शहरातल्या रस्त्यावर, सिग्नल धरून, एका मार्गिकेतून तासाला हजारभर मोटारी गेल्या तर नशीब. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरा, आणि हे औदार्यानेच झाले, कारण सकाळी दहा वाजता चौकात उभे राहून पाहिले तर चारांपैकी तीन मोटारींत चालक सोडून कुणी नसते. म्हणजे तासाला पंधराशे माणसे. त्याच मार्गिकेतून दर दोन मिनिटांनी साठ माणसांची एक बस सोडली, तर तासाला तीस बस आणि अठराशे माणसे. मोटारींची मार्गिका पूर्ण तुंबलेली, धूर आणि हॉर्न यांनी भरलेली. बसची मार्गिका मात्र दोन बसच्या मधली दोन मिनिटे मोकळी. मोकळी दिसते म्हणूनच ती चालते! धरणाचा कालवा काठोकाठ भरलेला दिसला म्हणजे जास्त पाणी वाहते असे नसते; पाणी तुंबले तरी कालवा भरलेलाच दिसतो. बसचा वेग टिकायचा तर पुढचा रस्ता मोकळाच हवा. ज्याला हे 'जागा वाया जाणे' वाटते, त्याने रेल्वेच्या रुळांवरही दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मोटारी सोडायची मागणी करावी.

दुसरा आक्षेप दुचाकीवाल्यांचा, आणि तो खरा आहे. इंदूर हे दुचाकींचे शहर. बसला दोन मार्गिका दिल्यावर उरलेल्या रस्त्यात मोटारी, दुचाकी, रिक्षा, ई-रिक्षा आणि कडेला उभी केलेली वाहने यांची खिचडी झाली आणि त्यात सर्वांत जास्त चेपला गेला तो दुचाकीवाला. परंतु त्याला कुणी चेपले? त्याच्या शेजारून गेलेल्या बसने की त्याच्या पुढे आडव्या उभ्या केलेल्या मोटारीने? रस्त्याच्या दोन्ही कडांना फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारी हटवल्या असत्या तर दुचाकींना स्वतंत्र पट्टी मिळाली असती. तो उपाय कुणी सुचवलाही नाही, कारण त्यात मोटारवाल्याला त्रास होता. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच.

थांबा रस्त्याच्या मधोमध असल्याने तिथवर जाताना जीव मुठीत धरावा लागे, हा तिसरा आक्षेपही आम्हाला मान्य आहे. तो तर आमचाच आक्षेप आहे. पण त्याचा उपाय पादचाऱ्यांचा सिग्नल, उंचावलेला झेब्रा पट्टा आणि मोटारींच्या वेगाला लगाम हा होता. थांबाच नाहीसा करून टाकणे म्हणजे डोके दुखते म्हणून डोकेच उडवण्यासारखे झाले. आणि बस आता कडेला थांबणार म्हणजे नेमकी कुठे? जिथे ठेला आहे, रिक्षा उभी आहे आणि कुणाची तरी 'दोनच मिनिटांसाठी' लावलेली मोटार आहे, तिथे. बस रस्त्याच्या मध्यावरच थांबेल आणि प्रवासी दुचाकींच्या लोंढ्यात उतरतील. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत दुचाकीस्वार आणि पायी चालणारे मिळून शंभरात चौसष्ट होते. ही केंद्र सरकारची आकडेवारी आहे. मोटारीत बसणाऱ्याला रस्त्याची 'कटकट' होते. बाहेरच्याचा जीव जातो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. रस्ता ही सार्वजनिक जमीन आहे. जुन्या भाषेत सांगायचे तर सरकारी, म्हणजे तुमची, आमची, भाजीवालीची आणि शाळेत जाणाऱ्या पोराची सारखीच. एक मोटार उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे जवळजवळ एकशे पस्तीस चौरस फूट. रामबागेतल्या जुन्या वाड्यांमधून दहा बाय बाराच्या खोलीत चार-पाच माणसांचे बिऱ्हाड राहत असे, हे आपल्यापैकी पन्नाशी उलटलेल्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तेवढ्याहून मोठी जागा, तीही भर बाजारात, एका निर्जीव डब्याला दिवसभर फुकट द्यायची, आणि त्याच जागेत कुणी चार भोपळे घेऊन बसले तर नगर निगमची गाडी येऊन तराजू उचलून नेणार! याला अतिक्रमण कुणी म्हणायचे? आमच्या मते भाजीवाल्याआधी तो डबा अतिक्रमण आहे.

हे आम्ही आज नव्याने शोधून काढलेले तत्त्वज्ञान नव्हे. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी परिवहन धोरणाचा गाभाच हा आहे की, रस्त्याचे नियोजन वाहने हलवण्यासाठी नसून माणसे हलवण्यासाठी करावे आणि रस्त्याची जागा माणसांच्या हिशेबाने वाटावी. दिल्लीच्या बीआरटीविरुद्ध मोटारवाले न्यायालयात गेले तेव्हा २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. तरी पुढे २०१६ मध्ये दिल्लीने ती मोडलीच, ही गोष्ट वेगळी; न्यायालयात हरले ते राजकारणात जिंकले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेला पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमाखाली, म्हणजे जगण्याच्या हक्कातच, मोडतो असे सांगितले. आता रामबाग ते राजवाडा या वाटेवर, किंवा जेल रोडवर, त्या २१ व्या कलमावर पाय ठेवून चालून दाखवा. जिथे पदपथ आहे तिथे त्यावर मोटारीचे पुढचे चाक आहे.

आपल्या शहरापुरते बोलायचे तर आणखी मागे जाता येते. तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या काळात इंदूर दरबाराने पॅट्रिक गेडेस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले आणि १९१८ मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना जगभर हा अहवाल ठाऊक आहे. इंदूरच्या पार्षदांपैकी किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे. गेडेस त्या काळच्या इंजिनियरांवर एका गोष्टीसाठी तुटून पडत असे : नकाशावर पट्टी ठेवून जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापायचा आणि त्याला सुधारणा म्हणायचे. त्याचे म्हणणे असे की, शस्त्रक्रिया करायची तर निगुतीने करा; एखादे पडके घर काढा, कोंडलेली जागा मोकळी करा, झाडे लावा, चौक माणसांना बसण्या-उठण्यासारखे करा, पण वस्तीचा जीव घेऊ नका. त्याने प्लेगच्या दिवसांत दिवाळीला एक मिरवणूक काढवली होती आणि जाहीर केले होते की मिरवणूक सर्वांत स्वच्छ गल्ल्यांमधून जाईल. सगळे शहर झाडू घेऊन बाहेर पडले. २०१७ पासून स्वच्छतेचे पहिले क्रमांक मिरवणाऱ्या आपल्या इंदूरला या गोष्टीचा अभिमान वाटला पाहिजे. पण गेडेसचा झाडू आपण घेतला आणि त्याची कानउघाडणी विसरलो. बडा गणपती ते कृष्णपुरा छत्रीपर्यंतचा रस्ता रुंद करताना २०२१-२२ मध्ये जुन्या घरांचे दर्शनी भाग कापले गेले. पिढ्यान् पिढ्यांची घरे पुढून सोललेल्या केळ्यासारखी उघडी पडली. त्या रुंदीचे झाले काय? संध्याकाळी जाऊन पाहावे. रुंद झालेल्या भागात मोटारी उभ्या आहेत.

हे असेच होते, सर्वत्र होते. रस्ता रुंद केला की त्यावर येणाऱ्या मोटारी वाढतात आणि गर्दीच्या वेळी तो पुन्हा पूर्वीइतकाच तुंबतो, हे अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच मांडून ठेवले आहे. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. आपली निम्मी मुलेबाळे पुण्या-मुंबईला आहेत, त्यांना विचारा. मुंबईत १९९० च्या दशकाच्या अखेरीस पन्नासेक उड्डाणपुलांचा सपाटा लावला गेला. आज त्या पुलांवर आणि पुलांखाली, दोन्हीकडे वाहने उभी असतात आणि ज्या 'बेस्ट'च्या जोरावर मुंबईचा मध्यमवर्ग मोठा झाला, तिच्या स्वतःच्या गाड्या वर्षागणिक आटत चालल्या आहेत. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधला आणि दीड दशकाच्या आतच, जुलै २०२० मध्ये, पाडला. पुणेकरांनी बांधतानाचा त्रास सोसला आणि पाडतानाचाही. नगर रस्त्यावरची बीआरटीही त्यांनी काढली, आणि कोंडी काही काढता आली नाही. उलट अहमदाबादने २००९ मध्ये सुरू केलेली बीआरटी जिद्दीने चालू ठेवली आहे. तिथेही मोटारवाले कुरकुरतातच. फरक इतकाच की राज्यकर्ते प्रत्येक कुरकुरीला भीक घालत नाहीत.

आपल्याकडे आता ए. बी. रोडवर उन्नत मार्गाची, म्हणजे रस्त्यावर रस्ता बांधण्याची स्वप्ने दाखवली जात आहेत. वर्षानुवर्षे हा विषय कधी उकरला जातो, कधी पुरला जातो. बांधला गेलाच तर त्यावरून एखाद्या उपनगरातला मोटारवाला पाच मिनिटे लवकर पलासियाला पोहोचेल आणि तिथे उतरून त्याच रांगेत उभा राहील. पुलाखालच्या सावलीत जे दुकानदार आणि पादचारी अडकतील, त्यांची पाच मिनिटे कोण मोजणार?

'पण मेट्रो येते आहे ना?' होय, येते आहे. ३१ मे २०२५ रोजी तिच्या पहिल्या सहा किलोमीटरचे उद्घाटन झाले. पाच स्थानके, तीही सुपर कॉरिडॉरवर, जिथे अजून माणसांपेक्षा भूखंडांच्या पाट्या जास्त आहेत. पहिला आठवडा प्रवास फुकट होता तेव्हा लोक पोराबाळांसह सहलीला गेल्यासारखे जाऊन आले. पुढे डबे रिकामे धावू लागले, यात मेट्रोचा दोष नाही. घरापासून स्थानकापर्यंत आणि स्थानकापासून कामापर्यंत नेणारी बसच नसेल तर मेट्रोत चढणार कोण? मेट्रो हे झाडाचे खोड, बस म्हणजे मुळे. आम्ही मेट्रोच्या विरोधात नाही. मेट्रो यायला अजून कितीतरी वर्षे आहेत, तोवर बस मारून टाकू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.

बसचा हिशेबही सांगतो. केंद्राच्या शहरी विकास मंत्रालयाचे मोजमाप असे आहे की, हजार लोकसंख्येमागे ०.६ बस असतील तर सेवा चांगली. २०११ च्या जनगणनेत इंदूरची लोकसंख्या वीस लाखांच्या घरात होती. म्हणजे तेव्हाच बाराशे बस हव्या होत्या. आज शहर त्याहून कितीतरी फुगले आहे आणि प्रत्यक्ष धावणाऱ्या शहर बस त्या बाराशेच्या निम्म्याही नाहीत. आणि आपण विचारतो, लोक मोटारी का घेतात!

आता थोडे घरचे बोलू. आपल्या समाजात मुलाला नोकरी लागली की दुसरा प्रश्न 'गाडी घेतली का?' हा असतो. पहिला प्रश्न पगाराचा असतो, तो विचारत नाहीत, अंदाजाने काढतात. मोटार असणे हा गुन्हा आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आजारी माणसाला, लांबच्या प्रवासाला, रात्री-अपरात्री ती हवीच. आम्ही म्हणतो ते इतकेच की, आपल्या आजोबांच्या पिढीने सायकलवर मिलच्या आणि दरबारच्या नोकऱ्या केल्या, वडिलांच्या पिढीने टेम्पोत आणि नगर सेवेत अंग चोरून बसून मुलांना शिकवले. तेव्हा बस आणि पदपथ हे 'खालच्या लोकांचे' साधन मानायचा तोरा आपल्याला कुठून आला? विजेवर चालणारी मोटार घेतली म्हणून पर्यावरणाची सेवा झाली असे सांगणारेही आता भेटतात. धूर कमी होईल हे खरे, परंतु ती मोटारही एकशे पस्तीस चौरस फुटांतच मावते!

आणि याचा सर्वांत मोठा फटका बसतो आहे तो आपल्यालाच. जुनी मराठी कुटुंबे राजवाड्याच्या आसपासचे वाडे सोडून सुदामानगर, वैशालीनगर, टिळकनगर आणि थेट बायपासपर्यंत विखुरली. मुले बंगलोरला, पुण्याला, काही परदेशी. घरात उरले ते सत्तरीचे दोघे. यजमानांनी गाडी चालवणे डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडलेले असते. वहिनींना येत नसते. मग व्याख्यान सहाला ठेवा की सातला, 'परत कसे येणार?' या एका प्रश्नापाशी बेत मोडतो. मंडळाच्या कार्यक्रमांना गर्दी का होत नाही, यावर कार्यकारिणीच्या बैठकीत तासन् तास चर्चा होते. कुणी दूरदर्शन मालिकांना दोष देते, कुणी मोबाईलला, कुणी 'आजच्या पिढीला'. रात्री नऊनंतर धड बस मिळत नाही आणि रस्ता ओलांडायला भीती वाटते, हे कारण कुणी इतिवृत्तात लिहीत नाही. मराठी शाळा, ग्रंथालय, गणेशोत्सव, नाट्यप्रयोग हे सगळे माणूस चालत किंवा बसने येईल या गृहीतावर उभे राहिले होते. ते गृहीत मोडले की संस्था मोडते. भाषा टिकवण्याच्या परिषदा आपण पुष्कळ घेतो. माणसे एकमेकांपर्यंत पोहोचली नाहीत तर ती भाषा बोलणार कुणाशी?

ही व्यथा इंदूरपुरती नाही. गोव्यातल्या नातलगांना विचारा. दिवस मावळला की गावाकडची बस बंद, आणि वाहनांची संख्या लोकसंख्येच्या बरोबरीला आलेली.

रस्ता माणसांचा करता येतो, हे इंदूरला शिकवायची गरज नाही. रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरात गेर निघते तेव्हा लाखो माणसे रस्त्यावर असतात आणि मोटारींना मज्जाव असतो. शहर काही बुडत नाही; उलट त्याच दिवशी ते इंदूर असल्यासारखे वाटते. २२ सप्टेंबर २०२३ ला नगर निगमने 'नो कार डे' पाळला, त्याचेही कौतुक झाले. पण वर्षातून एक दिवस उपास आणि बाकीचे दिवस मेजवानी, याने प्रकृती सुधारत नसते. घराघरात ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय ज्या नगर निगमने आपल्याला लावली, त्याच नगर निगमला बसची मार्गिका राखणे जमत नाही, यावर आमचा विश्वास नाही. जमत नाही असे नाही, नको आहे.

म्हणून, पुढच्या नगर निगम निवडणुकीत मत मागायला जो कुणी आपल्या दारी येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो आणि आडनावाने आपल्यातला असो वा नसो, त्याच्यापुढे चहा ठेवा आणि हे विचारा. ए. बी. रोडवर निदान सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बसला स्वतंत्र पट्टी देणार का, आणि तीत घुसणाऱ्या मोटारीला कॅमेऱ्याने दंड लावणार का? बाराशेच्या आकड्याकडे किती वर्षांत नेणार, आणि शेवटची बस रात्री अकराला सोडणार का? राजवाडा, सराफा, जेल रोड या भागांत मोटार उभी करण्याचे तासाप्रमाणे पैसे घेऊन ते बसच्या खात्यात घालणार का? या तिसऱ्या प्रश्नावर तो हसेल आणि 'काका, व्यापारी नाराज होतील' म्हणेल. त्याला सांगा की राजवाड्याचे बहुतेक गिऱ्हाईक आजही दुचाकीने, रिक्षाने आणि पायीच येते. दुकानासमोर दिवसभर उभी असते ती पुष्कळदा दुकानदाराची स्वतःचीच मोटार. 'पाहू, करू' या उत्तरावर त्याला सोडू नका. आपली मते संख्येने फार नाहीत हे खरे, पण काही वॉर्डांत ती निकाल फिरवण्याइतकी आहेत आणि हे त्याला आपल्याहून जास्त ठाऊक असते.

मंडळानेही आपल्यापुरते करण्यासारखे आहे. कार्यक्रमपत्रिकेवर 'वाहनतळाची सोय आहे' एवढेच छापण्याऐवजी जवळचा बसथांबा कोणता आणि शेवटची बस किती वाजता, हेही छापावे. सायंकाळचे कार्यक्रम बस असतील त्या वेळेत संपवावेत; अध्यक्षीय भाषण दहा मिनिटांनी कमी झाले तर कुणाची हरकत नसावी. मोटारीने एकटे येणाऱ्यांनी वाटेतल्या दोन ज्येष्ठांना बरोबर आणावे.

मंडळाच्या कार्यालयात या महिन्यापासून एक वही ठेवली आहे. आपण ज्या थांब्यावर उभे होता त्याचे नाव, तारीख, वेळ, बस किती मिनिटांनी आली, की आलीच नाही, आणि पदपथ किंवा थांबा कशाने अडला होता, एवढेच त्यात लिहावे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी फोनवर सांगितले तरी कार्यालयातील मंडळी लिहून घेतील. तीन महिन्यांनी या नोंदी वॉर्डवार लावून याच पत्रात छापू आणि प्रत्येक पार्षदाच्या हाती देऊन पोच घेऊ. वही टेबलावरच आहे. पेन सोबत आणावे, तिथले सारखे हरवते.